दोरी, डिंक आणि खळ: नागपूर परिसरात शिकणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साल, पान किंवा खोड यांतून तंतू काढून दोरी वळणे आणि डिंक, पीठ, चिंचोके यांपासून चिकटवण्याची द्रव्ये तयार करणे ही कामे विदर्भातील शेतकरी घरांत एके काळी मुद्दाम शिकवावी लागत नसत, कारण मुले ती पाहतच मोठी होत. आज नागपूर शहरात राहणाऱ्या, पण हे शिकण्याची मनापासून इच्छा असणाऱ्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे नागपूरचे हवामान, येथील झाडे आणि येथे सहज मिळणारे सामान लक्षात घेऊन लिहिली आहेत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना काही ठिकाणी बदल करावा लागेल.

सुरुवात कोणत्या झाडापासून करावी?

अंबाडीपासून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंबाडीची भाजी नागपूरकरांना परिचयाची असते, परंतु त्याच झाडाच्या सालीत उत्तम तंतू असतो याचा अनेकांना विसर पडला आहे. कपाशीच्या आणि तुरीच्या शेताच्या कडेने अंबाडीच्या एक-दोन ओळी लावण्याची पद्धत विदर्भात जुनी आहे. भाजी, बी आणि बैलांसाठी लागणारे दोर या तिन्ही गरजा त्या ओळींतून भागत असत. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरलेली अंबाडी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलावर येते, आणि दोरीसाठी ती नेमकी याच वेळी कापावी. बी पूर्ण पिकेपर्यंत थांबल्यास तंतू भरपूर मिळतो, पण तो राठ व ठिसूळ होतो. फुले येण्याच्या बरेच आधी कापल्यास तो मऊ पण कमजोर राहतो.

गच्चीवर किंवा अंगणात जागा असेल तर चार-पाच मोठ्या कुंड्यांतही शिकण्यापुरती अंबाडी होते. रोपे मुद्दाम दाट लावावीत, म्हणजे फांद्या कमी फुटतात, खोड सरळ उंच वाढते आणि तंतू लांब मिळतो. भाजीसाठी शेंडे खुडण्याचा मोह मात्र दोरीच्या रोपांपुरता आवरावा, कारण शेंडा खुडला की खोडाला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या जागी तंतू तुटतो.

अंबाडीचा तंतू खोडापासून वेगळा कसा करायचा?

दोरी चांगली की वाईट हे वळताना नव्हे, तर या टप्प्यावर ठरते, म्हणून या उत्तराला थोडा अधिक वेळ द्यावा. अंबाडी, ताग, भेंडी यांसारख्या झाडांत तंतू सालीच्या आतल्या थरात असतात आणि पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने ते एकमेकांना व आतल्या लाकडाला बांधलेले असतात. खोड पाण्यात बुडवून ठेवले की पाण्यातील जिवाणू हे पेक्टिन खातात आणि तंतू मोकळे होतात. यालाच सडवणे म्हणतात. यात उतावळेपणा आणि आळस दोन्ही महाग पडतात: लवकर बाहेर काढल्यास सालीचे तुकडे तंतूला चिकटून राहतात, आणि उशीर झाल्यास जिवाणू पेक्टिन संपवून तंतूलाच कमजोर करू लागतात.

पाण्याचे तापमान येथे फार महत्त्वाचे आहे. कोमट पाण्यात जिवाणू जोमाने काम करतात. नागपुरात डिसेंबरच्या रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो तेव्हा तेच काम रेंगाळते. म्हणून कापणीनंतर लगेच, थंडी वाढण्याआधी, अंबाडी भिजत घालावी आणि पिंप सावलीत न ठेवता उन्हात ठेवावे. पूर्ण खोडे बुडवल्यास दोन ते तीन आठवडे लागू शकतात. शहरात एवढी मोठी जागा आणि एवढे पाणी नसते, त्यामुळे आम्ही दुसरी पद्धत सुचवतो: हिरव्या खोडावरून साल पट्ट्यांच्या रूपात सोलून घ्यावी आणि फक्त त्या पट्ट्या पिंपात बुडवाव्यात. पाणी कितीतरी कमी लागते आणि वेळही बराच वाचतो. सहाव्या दिवसापासून रोज एक पट्टी काढून बोटांमध्ये चोळून पाहावी. वरची हिरवी साल गाळासारखी निघून जाऊन आतले पांढरट धागे सुटे झाले, की सर्व पट्ट्या बाहेर काढून स्वच्छ पाण्यात आपटून, चोळून धुवाव्यात आणि दांडीवर पसरून वाळवाव्यात. वाळलेल्या या तंतूला वाख म्हणतात. खोडे पूर्ण बुडवली असतील, तर साल निघाल्यावर जी पांढरी हलकी काडी उरते ती सनकाडी. ती चूल पेटवायला उत्तम.

सडवण्याचा वास येतो. शेजारी तक्रार करतात. उपाय काय?

वास येणारच, कारण ती कुजण्याचीच क्रिया आहे. पिंपावर झाकण ठेवावे आणि दर दोन-तीन दिवसांनी निम्मे पाणी बदलावे. काम थोडे लांबते, पण वास सुसह्य होतो. काढलेले पाणी दुप्पट-तिप्पट साध्या पाण्यात मिसळून झाडांच्या मुळाशी घालता येते. अंबाझरी, फुटाळा किंवा कोणत्याही तलावात अंबाडी बुडवू नये. सडताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि त्याचा त्रास माशांना होतो.

अंबाडी नसेल तर शहरात आणखी कशापासून तंतू मिळेल?

पर्याय बरेच आहेत, मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. घायपात, ज्याला आपल्याकडे केकताड असेही म्हणतात, शेतांच्या बांधांवर आणि रेल्वेमार्गांच्या कडेला कुंपणासारखी लावलेली दिसते. तिचा तंतू पानात असतो आणि तो काढायला सडवण्याची गरज नसते: पान दगडावर ठेचून, फळीवर ठेवून बोथट सुरीने गर खरवडून काढला की पांढरे, चकचकीत, लांब धागे हाती येतात. पानाच्या वजनाच्या जेमतेम चार टक्के तंतू मिळतो, म्हणजे दहा किलो पानांतून सुमारे चारशे ग्रॅम. हे आधीच ठाऊक असले म्हणजे निराशा होत नाही. घायपातीच्या रसाने अनेकांच्या त्वचेला तीव्र खाज सुटते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक आहे.

केळीच्या खोडाच्या सोपटांतूनही याच रीतीने खरवडून तंतू काढतात. सत्यनारायणाच्या पूजेला लावलेले केळीचे खांब दुसऱ्या दिवशी टाकून दिले जातात. ते मागून घ्यावेत. खोड कोवळे असल्याने तंतू नाजूक निघतो, पण हाताला सवय होण्यासाठी तो फार चांगला आहे. भेंडीची झाडे भाजी संपल्यावर शेतकरी उपटून टाकतात. भेंडी अंबाडीच्याच कुळातील असल्याने तिची साल अंबाडीसारखीच सडवता येते. देवळांबाहेर पडलेल्या नारळाच्या शेंड्या काही दिवस भिजवून लाकडी ठोकळ्याने बडवल्यास काथ्या निघतो, परंतु त्याचे धागे आखूड असल्याने वळताना सतत नवीन भर घालावी लागते; नवशिक्याने काथ्यापासून सुरुवात करू नये.

रुईच्या खोडातील तंतू अतिशय मजबूत आणि रेशमासारखा बारीक असतो. तरीही आम्ही तो नवशिक्यांना आणि मुलांना सुचवत नाही. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. अनुभवी माणसानेसुद्धा काड्या आधी पूर्ण वाळवून मगच साल काढावी.

जंगलातील झाडांची साल वापरत असत असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि मेळघाटाच्या भागांत माहुलीच्या वेलीची साल, आपट्याची साल, मुरुडशेंगेची साल आणि पळसाच्या मुळांची साल दोरासाठी वापरण्याची जुनी रीत आहे. पळसाची मुळे ठेचून काढलेल्या तंतूचे दोर ओलाव्यात चांगले टिकतात असा लौकिक आहे. परंतु ज्यांनी हे ज्ञान जपले त्यांना कोणत्या झाडाची, कोणत्या ऋतूत, किती साल घ्यावी हे ठाऊक असते. खोडाच्या सर्व बाजूंनी साल काढली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड मरते. केवळ हौसेसाठी उभ्या झाडाची साल काढू नये. वाऱ्याने पडलेली किंवा छाटणीत निघालेली ताजी फांदी मिळाली, तर तिच्यावर शिकावे.

सेमिनरी हिल्स, गोरेवाडा किंवा पेंचमधून सामान गोळा करता येईल का?

नाही. पेंचसारख्या राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार निषिद्ध आहे, आणि वनखात्याच्या ताब्यातील इतर जागांनाही भारतीय वन अधिनियम, 1927 लागू होतो. शहराच्या हद्दीतील झाडांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 आहे. डिंक हे गौण वनोपज आहे आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिला आहे. त्यामुळे जंगलातला डिंक हवा असेल तर तो त्यांच्याकडून विकत घ्यावा. स्वतःचे अंगण, ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध, पूजेनंतरची केळ आणि भाजीबाजारातील उरलेले सामान एवढे शिकण्यासाठी पुरेसे आहे.

दोरी प्रत्यक्ष वळायची कशी?

वाखाची एक बारीक बट घ्यावी आणि ती पाण्याचा हात लावून थोडी ओलसर करावी. बट बरोबर मध्यावर न दुमडता एका बाजूला एक भाग आणि दुसऱ्या बाजूला दोन भाग राहतील अशी दुमडावी. दुमडल्यावर झालेल्या या दोन बाजू म्हणजे दोरीचे दोन पेड. पुढे दोन्ही पेडांतील तंतू एकाच जागी संपू नयेत, यासाठी हे आवश्यक आहे. दुमडलेले टोक डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरावे. उजव्या हाताने वरचा पेड आपल्यापासून दूर, पुढच्या दिशेने पिळावा आणि पीळ घट्ट बसला की तो पेड खालच्या पेडावरून आपल्याकडे आणावा. आता खालचा पेड वर आला. त्यालाही तसेच पुढे पिळून आपल्याकडे आणावे. एवढीच कृती पुन्हा पुन्हा करत जायचे असते.

एखादा पेड बारीक होऊ लागला की तो संपण्याची वाट न पाहता नवीन तंतू त्याच्या कडेला दोन-तीन इंच समांतर ठेवून दोन्ही एकत्र पिळावेत. गाठ मारून जोडू नये. दोन्ही पेडांत एकाच ठिकाणी भर घालू नये. दोन जोडांमध्ये किमान चार बोटे अंतर ठेवावे. दोरी तयार झाल्यावर ती ओली असतानाच दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधावी आणि ताणलेल्या स्थितीतच वाळू द्यावी, म्हणजे पीळ सारखा बसतो. वर आलेली कूस, म्हणजे सुटे बारीक तंतू, जाड कापडाने घासून किंवा आचेवरून झटकन फिरवून काढता येते.

पीळ देताना पेडाची लांबी कमी होते, म्हणून हव्या असलेल्या दोरीच्या साधारण दीडपट लांबीचा तंतू हाताशी ठेवावा. जुने कारागीर लांब सुतळीसाठी बोटांऐवजी ढेरा वापरत. लाकडाच्या दोन आडव्या पट्ट्या आणि मध्ये दांडी असलेले हे साधन फिरवून वाख पिळला जातो आणि तयार झालेला धागा त्याच्यावरच गुंडाळला जातो. ढेरा मिळाला तर अवश्य वापरावा, मात्र आधी बोटांनी हातभर तरी चांगली दोरी वळता आली पाहिजे, कारण पीळ किती द्यावा हे बोटांनाच कळते.

ही दोरी सुटत का नाही?

प्रत्येक पेडाला दिलेला पीळ उलटा सुटू पाहतो, आणि दोन पेड एकमेकांभोवती विरुद्ध दिशेने गुंडाळलेले असल्याने पेडाचे सुटणे म्हणजे दोरीचे अधिक घट्ट होणे ठरते. दोन विरुद्ध ओढी एकमेकींना रोखून धरतात. म्हणून दोन्ही क्रिया एकाच दिशेने केल्यास हात सोडताच दोरी उकलते; नवशिक्यांच्या बहुतेक फसलेल्या दोऱ्यांचे कारण हेच असते.

हे तत्त्व माणसाला फार पूर्वी उमगले. फ्रान्समधील अब्री द्यू मारास या खडकाच्या आश्रयस्थानात एका दगडी हत्याराला चिकटलेला, जेमतेम 6 मिलिमीटर लांबीचा तीनपेडी दोरीचा तुकडा सापडला आणि त्यावरील संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. तो झाडाच्या आतल्या सालीचा असून 40 हजार वर्षांहून अधिक जुना आहे आणि निअँडरथल मानवाचा मानला जातो. त्यातही पेडांचा पीळ एका दिशेला आणि दोरीचा पीळ विरुद्ध दिशेला आहे.

तयार दोरी किती भार पेलेल?

घरी वळलेल्या दोरीवर माणसाचा भार कधीही टाकू नये. झोपाळा, पाळणा, झाडावर चढणे किंवा विहिरीत उतरणे यांसाठी ती वापरू नये. जोडांची जागा, सडवण्यातील कमी-अधिकपणा आणि पीळ यांमुळे एकाच दोरीची ताकद जागोजागी वेगळी असते, शिवाय गाठ मारली की त्या ठिकाणी ताकद जवळजवळ निम्म्यापर्यंत घटू शकते. वेल चढवणे, पुडे बांधणे, शिंके करणे, वहीची शिलाई, पिशवीचे बंद ही कामे ती उत्तम करते. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलाला स्वतः वळलेला कासरा आणि वेसण करणे हा मुलांसाठी आमचा सर्वात आवडता उपक्रम आहे. त्यासाठी आदल्या हिवाळ्यातील थोडा वाख जपून ठेवावा लागतो, कारण पोळ्याच्या वेळी अंबाडी अजून शेतात वाढतच असते.

हे शिकण्यासाठी कोणाकडे जावे?

महाराष्ट्रात दोर वळण्याची विद्या परंपरेने मुख्यतः मातंग समाजातील कारागिरांनी सांभाळली. कासरे, दावी, वेसणी, मुस्की, नाडे आणि चऱ्हाटे यांवाचून शेती चालत नसे, आणि तरीही या कामाला गावगाड्यात सन्मान मिळाला नाही व मोबदला धान्याच्या चार मापांपुरता राहिला. नायलॉनचे दोर आल्यावर हे काम जवळजवळ थांबले. आज नागपूरच्या आसपासच्या गावांत ही कला जाणणारी वृद्ध माणसे भेटली, तर त्यांना गुरू मानून, त्यांच्या वेळेचे योग्य पैसे आधी ठरवून शिकावे. मोफत प्रात्यक्षिकाची अपेक्षा ठेवू नये.

चिकटवण्यासाठी सर्वात सोपे द्रव्य कोणते?

मैद्याची खळ. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवावा, त्यात आणखी चार-पाच वाट्या पाणी घालावे आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. साधारण 60 अंशांच्या पुढे पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व फुटतात, आणि पांढरे पाणी अर्धपारदर्शक व दाट होते. तेव्हा आच बंद करावी. पतंग, आकाशकंदील, वहीचे पुठ्ठे आणि गणपतीच्या मखरासाठी ही खळ पुरेशी आहे. घाई असेल तेव्हा शिजलेल्या मऊ भाताची शिते बोटाने चोळून लावली तरी पतंगाचा कागद पक्का चिकटतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात खळ दुसऱ्याच दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत किंचित मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. लहान मुले हाताळतील अशा वस्तूंत ते घालू नये. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी कागद चिकटवण्याचे कामही टाळावे, कारण कोरड्या हवेत खळ पसरेपर्यंत वाळते आणि कागदाला सुरकुत्या पडतात. सकाळी लवकर काम करावे.

चिंचोक्याची खळ वेगळी असते का?

असते, आणि ती मैद्याच्या खळीपेक्षा चिवट असते. चिंचोके भाजले की वरची तपकिरी साल तडकते. ती काढून पांढरा गर रात्रभर भिजवावा, बारीक वाटावा आणि भरपूर पाण्यात शिजवावा. धनगर विणकर घोंगडीला ताठपणा येण्यासाठी हीच खळ देतात. जाड पुठ्ठा, कापड आणि कागदाच्या लगद्याच्या वस्तूंसाठी तिला आमची पहिली पसंती आहे. नागपुरात चिंचेची झाडे भरपूर आहेत आणि चिंच फोडणाऱ्या घरांत चिंचोके फुकट मिळतात.

किराणा दुकानातील लाडवांचा डिंक चिकटवण्यासाठी चालतो का?

बाभळीचा किंवा धावड्याचा असेल तर चालतो. एक भाग डिंक वजनाने दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून, हलवून, फडक्यातून गाळून घ्यावा. पाकिटे, तिकिटे आणि कागदी कामासाठी तो स्वच्छ व पारदर्शक बसतो. त्यात एक-दोन लवंगा टाकून ठेवल्यास बुरशी उशिरा येते. मात्र दुकानात कतिरा नावाने मिळणारा डिंक घेऊ नये. तो आणि कांडोळ झाडाचा डिंक पाण्यात विरघळत नाहीत, फुगून लिबलिबीत होतात आणि कागदाला पकडत नाहीत. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. कोणता डिंक हाती आला आहे हे समजत नसेल तर एक खडा ग्लासभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवावा: विरघळला तर चिकटवण्याचा, नुसता फुगला तर सरबताचा.

संत्र्याच्या झाडावर आलेला डिंक वापरावा का?

वापरण्याआधी बागाईतदाराला कळवावे. संत्र्याच्या बुंध्यातून पाझरणारा डिंक हे बहुधा डिंक्या रोगाचे लक्षण असते. फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवामुळे हा रोग होतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास झाड वाळते. बाभळीची गोष्ट वेगळी आहे. कोरड्या, तापत्या महिन्यांत तिच्या सालीच्या जखमांवर डिंकाचे खडे धरतात, आणि ते पहिल्या पावसाने वाहून जाण्याआधी गोळा करायचे असतात. त्यासाठी झाडाला कुऱ्हाडीचे घाव घालू नयेत. आपोआप आलेला डिंक शिकण्यापुरता पुरतो.

फळांपासून काही करता येते का?

भोकराच्या पिकलेल्या फळातील गर इतका चिकट असतो की तो थेट कागदाला लावता येतो. बेलफळात बियांभोवती जो पारदर्शक चिकट द्रव असतो तोही याच कामाचा आहे. दोन्ही टिकत नाहीत. हंगामात गंमत म्हणून मुलांना दाखवावेत.

लाकूड जोडण्यासाठी काय वापरावे?

येथे खळ आणि डिंक उपयोगाचे नाहीत. शाकाहारी पर्याय हवा असेल तर दुधाचा लुकण करावा. साय काढलेले दूध कोमट करून त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ते फाडावे, चोथा दोन-तीन वेळा धुऊन आंबटपणा काढावा आणि फडक्यात घट्ट पिळावा. त्यात विड्याचा चुना थोडा थोडा मिसळून घोटत राहिले की दाणेदारपणा जाऊन द्रव्य गुळगुळीत आणि वाहते होते. दुधातील केसीन हे प्रथिन आणि चुना यांच्या संयोगाने हे घडते, आणि वाळल्यावर जोड ओलाव्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. हा लुकण काही तासांतच घट्ट होतो, म्हणून उरवून ठेवण्याचा विचार करू नये. चुना डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरा पर्याय सरस. तो जनावरांच्या कातड्याच्या तुकड्यांपासून करतात: तुकडे धुऊन, चुन्याच्या पाण्यात ठेवून, पुन्हा स्वच्छ करून, उकळी न येऊ देता तासन् तास मंद आचेवर ठेवले की कातड्यातील कोलॅजेन पाण्यात उतरते, ते गाळून वाळवतात. घरी करण्यासारखे हे काम नाही, त्यामुळे तयार सरस घ्यावा. तो थंड पाण्यात फुगवून, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून 60 अंशांच्या आसपास वितळवावा. उकळला तर त्याची पकड जाते. सरसाचा जोड सुतारांना आणि वाद्ये दुरुस्त करणाऱ्यांना प्रिय आहे, कारण वाफ व उष्णता देऊन तो लाकूड न फोडता पुन्हा उघडता येतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र तो मऊ पडू शकतो.

विळा, खुरपे किंवा सुरी लाकडी मुठीत बसवायची असेल तर लाख वापरावी. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे ती तयार करतात, आणि पूर्व विदर्भात तिचे उत्पादन होते. मुठीच्या भोकात लाखेची पूड आणि थोडा बारीक विटेचा भुगा भरून, हत्याराचा शेपटीकडचा भाग तापवून आत दाबावा. लाख वितळते आणि थंड होताच पक्की धरते. गरम लाख त्वचेवर पडल्यास चिकटून भाजते, म्हणून हे काम मोठ्यांनीच करावे.

जंगलात दिसणाऱ्या कोणत्या चिकट गोष्टी टाळाव्यात?

बिब्ब्याच्या फळातील काळा रस सर्वात आधी टाळावा. तो चिकट आणि न पुसणारा असल्याने मोह होतो, पण त्वचेवर लागल्यास मोठे फोड येतात. रुई आणि शेर-निवडुंगाच्या चिकाबाबतही तीच खबरदारी घ्यावी. वड-उंबराचा चीक घट्ट करून पूर्वी पक्षी पकडण्यासाठी वापरत. पक्षी पकडणे कायद्याने गुन्हा आहे आणि आम्ही ती कृती शिकवत नाही.

संक्रांतीसाठी घरी मांजा करता येईल का?

साधा सुती धागा भाताच्या पेजेने किंवा खळीने ताठ करून पतंग उडवता येतो, आणि आम्ही तेवढेच सुचवतो. काचेची पूड घालू नये. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे. तो कुजत नाही, झाडांवर आणि तारांवर वर्षानुवर्षे लटकत राहतो, आणि पक्ष्यांचे पंख व दुचाकीस्वारांचे गळे कापतो.

वाख आणि दोरी साठवून कशी ठेवावी?

वाख पूर्ण वाळल्यावर सैल वेणी घालून, सुती पिशवीत, जमिनीपासून उंच आणि हवा खेळेल अशा जागी टांगावा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास पावसाळ्यात आत दमटपणा साचून काळे डाग पडतात, आणि डाग पडलेला तंतू ओढताच तुटतो. सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. उंदीर वाखात घरटे करतात, त्यामुळे महिन्यातून एकदा पिशवी उघडून पाहावी. तयार दोरीला मेण चोळल्यास ती पाणी कमी शोषते. उन्हापावसात सतत राहिलेली अंबाडीची दोरी साधारणपणे एक-दोन हंगामांत कुजते. ती मातीत पुरावी आणि तिच्या जागी नवी बांधावी.